जयंतीचे शिबिर आणि डॉ. रफिउद्दीन अहमद

२४ डिसेंबर हा दिवस भारतातील दंतवैद्य ‘राष्ट्रीय दंतवैद्य दिन’ म्हणून पाळतात, कारण १८९० साली याच तारखेला पूर्व बंगालमधील बर्धनपाडा या गावी डॉ. रफिउद्दीन अहमद यांचा जन्म झाला. दंत महाविद्यालयांत त्यांच्या तसबिरीला हार घातला जातो, ‘भारतीय दंतवैद्यकाचे जनक’ हे शब्द दोन-तीन भाषणांत येतात, विद्यार्थ्यांची पोस्टर स्पर्धा होते आणि जवळच्या एखाद्या शाळेत मोफत दंततपासणी शिबिर भरते. यात गैर काहीच नाही. तक्रार आहे ती स्मरणात काय ठेवले जाते आणि काय गाळले जाते याबद्दल. अहमद यांच्या आयुष्याचा फार मोठा भाग महापालिकेच्या सभागृहात, कायदा व्हावा म्हणून केलेल्या खटपटीत आणि पुढे राज्याच्या मंत्रिमंडळात गेला, आणि नेमका तोच भाग आपल्या गौरवातून गळतो. तो गळला की मागे उरतो एक कुशल आणि परोपकारी डॉक्टर, ज्याचे ऋण फेडायला वर्षातून एक शिबिर पुरेसे वाटावे. माझे म्हणणे असे आहे की या माणसाचा सन्मान करायचा असेल, तर तोंडाचे आरोग्य हा नगरपालिका आणि जिल्हा परिषद यांच्या नित्य कामाचा, म्हणजेच त्यांच्या अंदाजपत्रकाचा, विषय झाला पाहिजे. आणि तो तसा करून घेण्याचे काम दंतवैद्यांनी नागरिक या नात्याने अंगावर घेतले पाहिजे.

अलिगढच्या मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजात शिकून अहमद अमेरिकेला गेले, १९१५ मध्ये त्यांनी आयोवा विद्यापीठाची दंतवैद्यकाची पदवी मिळवली आणि त्यानंतर काही वर्षे बोस्टनमधील ‘फोर्साइथ डेंटल इन्फर्मरी फॉर चिल्ड्रन’ या संस्थेत काम केले. ही संस्था फोर्साइथ बंधूंच्या देणगीतून खास मुलांच्या, आणि त्यातही गरीब घरांतील मुलांच्या, दातांसाठी उभी राहिली होती. त्यांच्या चरित्रात हा तपशील एका ओळीत उरकला जातो, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. आपल्या दवाखान्यात रोगी कसे येतील याची चिंता ज्या वयात तरुण डॉक्टरला असते, त्या वयात शहरातील मुलांचे दात ही त्या शहराने वाहायची जबाबदारी असू शकते, हे त्यांनी एका चालत्या संस्थेत रोज पाहिले होते.

१९१९ मध्ये ते कलकत्त्याला परतले तेव्हा त्या शहरात दात दुखणाऱ्या माणसाला जायला जागा कोणत्या होत्या? साहेबलोकांसाठी आणि श्रीमंतांसाठी विलायतेत शिकून आलेले मोजके डेंटिस्ट होते, बहूबाजारच्या बाजूला चिनी दंतकार होते, आणि उरलेल्या सर्वांसाठी बाजारात सतरंजी पसरून चिमटा घेऊन बसणारा माणूस होता. दंतवैद्यक शिकवणारी संस्था देशात नव्हती. १९२० साली अहमद यांनी ती काढली. सरकारने पैसे दिले नाहीत, तेव्हा त्यांनी ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ नावाचे दुकान चालवले आणि त्याच्या कमाईतून कॉलेजचा खर्च भागवला. साखर घातलेली थंड पेये विकून दातांचे कॉलेज चालवावे, यातला विनोद त्यांच्या ध्यानी आला नसेल असे वाटत नाही. पहिली काही वर्षे विद्यार्थी जेमतेम मिळत होते, कारण दात काढणे हा शिकण्याचा विषय आहे हेच सुशिक्षितांना पटत नव्हते. याच कॉलेजात शिकलेल्या, महंमद अली जिना यांच्या भगिनी फातिमा जिना यांनी १९२३ मध्ये मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर दवाखाना उघडला होता. मुंबईच्या इतिहासात त्यांचे नाव दुसऱ्याच कारणाने घेतले जाते, पण मुस्लीम घरातील एका अविवाहित स्त्रीने त्या काळी भरवस्तीत दातांचा दवाखाना थाटणे ही या कॉलेजची लहान कामगिरी म्हणता येणार नाही.

इथवरचा भाग भाषणांत येतो. यापुढचा येत नाही, किंवा आला तर ‘तसेच ते राजकारणातही होते’ अशा एका वाक्यात येतो. अहमद यांनी १९२५ मध्ये दंतवैद्यकाचे नियतकालिक सुरू केले, व्यावसायिकांची संघटना बांधली, १९२८ मध्ये विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहिले. पण हे करत असतानाच त्यांना उमजले असावे की कायदा असल्याशिवाय या सगळ्याला पाया नाही. कोणीही उठावे, पाटी लावावी आणि लोकांच्या तोंडात हात घालावा, अशी स्थिती होती. १९३९ चा बंगाल डेंटिस्ट्स ॲक्ट आणि त्याच्या पाठोपाठ १९४८ चा केंद्रीय डेंटिस्ट्स ॲक्ट यांमागे त्यांच्या पिढीची, आणि त्या पिढीत प्रामुख्याने त्यांची, धडपड होती. १९४८ च्या कायद्यातील एक तरतूद मला फार बोलकी वाटते. नोंदवहीचे दोन भाग केले गेले. ‘अ’ भागात मान्य पदवी असलेले दंतवैद्य, आणि ‘ब’ भागात पदवी नसलेले, पण ठरावीक वर्षे दंतवैद्यकावरच मुख्यतः उपजीविका केलेले लोक. म्हणजे बाजारात चिमटा घेऊन बसलेल्या माणसाला एका सहीने गुन्हेगार न ठरवता, त्याची पिढी संपेपर्यंत त्याला नोंदवहीत जागा द्यायची आणि नव्याने येणाऱ्यांसाठी मात्र दार बंद करायचे. आपल्या व्यवसायाची शान वाढवायला निघालेल्या सुशिक्षितांना हा तोडगा रुचणे कठीण असते. अशी तडजोड सार्वजनिक कामातच शिकावी लागते, कारण तिथे समोरच्या माणसाचे पोटही हिशेबात धरावे लागते.

१९३२ ते १९३६ या काळात अहमद कलकत्ता महापालिकेचे नगरसेवक होते, आणि १९४२ ते १९४४ या काळात आल्डरमन, म्हणजे नगरसेवकांनी निवडून घेतलेले सदस्य. ते नगरसेवक झाले तेव्हा महापौरपदी डॉ. बिधानचंद्र रॉय होते, म्हणजे दोघे डॉक्टर एकाच सभागृहात बसत होते. पुढे रॉय पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री असताना, १९५० मध्ये, अहमद यांनी कॉलेजचे प्राचार्यपद सोडले आणि ते त्यांच्या मंत्रिमंडळात गेले. कृषी, समूहविकास, सहकार, मदत आणि पुनर्वसन अशी खाती त्यांनी १९६२ पर्यंत सांभाळली. फाळणीनंतरच्या बंगालमध्ये निर्वासितांच्या पुनर्वसनाचे खाते म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. त्याच्या आधी, १९४९ मध्ये, सोडा विकून वाढवलेले ते कॉलेज त्यांनी राज्य सरकारच्या हवाली केले होते. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले, १९६५ मध्ये ते गेले, आणि कॉलेजला त्यांचे नाव दिले गेले.

या सनावळीत एक गोष्ट बारकाईने पाहावी. खासगी संस्था आयुष्यभर हाती ठेवणे, तिच्यावर मुलाबाळांना बसवणे, हे आपल्याकडच्या शिक्षणमहर्षींच्या अंगवळणी पडलेले आहे. अहमद यांनी उलटे केले. एका माणसाच्या खिशातून चालणारी संस्था त्या माणसाबरोबर संपते किंवा बिघडते, हे ओळखून त्यांनी ती जनतेच्या तिजोरीला जोडून दिली. आज देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत, त्यातील बहुसंख्य खासगी आहेत, आणि महाराष्ट्रात सरकारी दंत महाविद्यालये हाताच्या बोटांवर मोजता येतात. ज्या महाविद्यालयांच्या भिंतीवर अहमद यांची तसबीर आहे, त्यांतील कितींच्या चालकांना १९४९ चा तो निर्णय पचेल, हा प्रश्न जयंतीच्या दिवशी विचारायला हरकत नसावी.

त्यांचे दंतवैद्यक आणि त्यांचे नागरी काम ही दोन वेगळी आयुष्ये होती, असे मानणाऱ्यांना मी एका दुसऱ्या दंतवैद्याची गोष्ट सांगेन. फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण १९०१ मध्ये अमेरिकेतील कोलोराडो स्प्रिंग्ज या गावी दवाखाना थाटायला गेला आणि तिथे जन्मलेल्या लोकांच्या दातांवर तपकिरी डाग पाहून चक्रावला. खुर्चीत बसलेल्या एकेका रोग्याचे डाग घासून त्याला पैसे मिळवता आले असते. त्याने गावोगाव फिरून नोंदी केल्या. १९२३ मध्ये आयडाहोतील ओकली या गावच्या पालकांनी त्याला बोलावले; गावाला काही मैलांवरच्या उष्ण झऱ्याचे पाणी नळाने आणल्यापासून मुलांच्या दातांवर डाग पडू लागले होते. पाण्याच्या तपासणीत संशयास्पद काही सापडले नाही, तरीही मॅकेने तो नळ सोडून दुसऱ्या झऱ्याचे पाणी घ्या असा सल्ला दिला, गावाने तो मानला, आणि काही वर्षांत नव्याने येणारे दात स्वच्छ येऊ लागले. डागांचे कारण फ्लोराइड आहे हे प्रयोगशाळेत कळले ते १९३१ मध्ये. ओकलीच्या मुलांचे दात कोणत्याही खुर्चीत बरे होण्यासारखे नव्हते. ते पाणीपुरवठ्याच्या निर्णयाने बरे झाले.

हे आपल्यापासून दूर नाही. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांत भूजलात फ्लोराइड असलेली गावे आहेत, तिथल्या मुलांच्या पुढच्या दातांवर तेच तपकिरी पट्टे दिसतात, आणि प्रमाण जास्त असेल तिथे पुढे सांधे आणि पाठीचा कणा धरतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड नको, हे प्रमाण कागदावर आहे. पण अशा गावात धोक्याची पहिली खूण दिसते ती मुलांच्या दातांवर, हाडांवर परिणाम दिसण्याच्या कितीतरी वर्षे आधी. ती खूण ओळखायला शिकलेला माणूस तालुक्याच्या गावी दवाखान्यात बसलेला असतो. त्याने ते डाग पाहून व्हिनिअर, म्हणजे डाग झाकणारा पातळ थर, दातावर बसवण्याचा सल्ला द्यायचा, की भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे गावाचे नाव लेखी कळवायचे, आणि मग पाणी व स्वच्छता समितीत जाऊन ती बोअर बंद होईपर्यंत पाठपुरावा करायचा? कायद्याने त्याच्यावर दुसरे काम टाकलेले नाही. सन्मान म्हणून ज्याचे नाव घेतले जाते त्या माणसाने ते केले असते, असे म्हणायला मात्र त्याचे आयुष्य पुरेसे आधार देते.

तंबाखूचे प्रकरण याहून मोठे आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरतात, आणि त्यात धूर न काढता चघळणाऱ्यांचे, घासणाऱ्यांचे प्रमाण २४.४ टक्के, म्हणजे जवळजवळ सगळेच. २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. टपरीवर सुपारी आणि तंबाखू दोन वेगळ्या पुड्यांत मिळू लागली. मिशरीचे तर कोणी नावही घेत नाही. तव्यावर तंबाखू काळी पडेपर्यंत भाजायची, कुटून पूड करायची, आणि सकाळी बोटावर घेऊन हिरड्यांना लावायची, हे ज्या बायका करतात त्या स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत धरतच नाहीत. त्यांच्या मते त्या दात घासत असतात. ‘तंबाखू खाता का?’ या छापील प्रश्नाला त्या ‘नाही’ म्हणतात आणि अर्ज भरणाराही ‘नाही’वर खूण करून पुढे जातो. ‘मिशरी लावता का?’ असे विचारायला तोंडात डोकावणारा आणि त्या घरांतली भाषा जाणणारा माणूस लागतो.

असे डोकावणारे दंतवैद्य महाराष्ट्राने पाहिले आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. फली मेहता यांनी उभ्या केलेल्या दंत संशोधन गटाने साठ-सत्तरच्या दशकांत देशाच्या निरनिराळ्या जिल्ह्यांत घरोघर जाऊन तोंडे तपासली. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा एक अभ्यास महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या तपासणीवर आधारलेला आहे. एक लाखाहून अधिक माणसे, आणि तीही खेड्यांत, रस्ते धड नसताना. तोंडाचा कर्करोग होण्याआधी गालाच्या आतल्या बाजूला पांढरे चट्टे दिसतात, ते कोणाला होतात, तंबाखू सोडल्यावर त्यांचे काय होते, याविषयी जगाला जे ठाऊक आहे त्यातला बराच भाग या गावकऱ्यांनी आ वासून दाखवलेल्या तोंडांतून आला आहे. पुढे केरळात तिरुवनंतपुरमजवळ झालेल्या मोठ्या प्रयोगात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी नुसत्या डोळ्यांनी तोंड तपासले, तरी तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले; २००५ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते निष्कर्ष छापले. त्याला लागला उजेड, आरसा, आणि शिकवलेला माणूस.

आता आपली व्यवस्था पाहा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना रुग्णालयात दाखल होऊन करायच्या उपचारांभोवती उभी आहे, त्यामुळे कर्करोगाने खाल्लेला जबडा कापून काढायचा झाला तर सरकार खर्च उचलते, आणि ते योग्यच आहे. पण त्याच माणसाचे तोंड दहा वर्षे आधी कोणी पाहावे, किंवा त्याच्या मुलीच्या दाढेतली कीड वेळेवर भरावी, यासाठी तशी हमी नाही. सार्वजनिक आरोग्याच्या २०१२ च्या मानकांत प्राथमिक आरोग्य केंद्रावर दंतवैद्य नव्हता. तो होता त्याच्या वरच्या पायरीवर, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीला, आणि तिथे सपाट प्रदेशात १,२०,००० लोकांमागे एक. एक ढोबळ हिशेब करू. पद भरलेले आहे, खुर्ची चालू आहे, कॉम्प्रेसर बंद नाही, वीज आहे, भरण्याचे साहित्य संपलेले नाही, असे सगळे गृहीत धरले, आणि त्या डॉक्टरने वर्षाचे तीनशे दिवस रोज चौदा रोग्यांवर उपचार केले, तर वर्षाला ४,२०० भेटी होतात. तालुक्यातील प्रत्येक माणसाची पाळी यायला अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ लागेल. शेवटच्या नंबरवर असलेल्या बारा वर्षांच्या मुलाची पाळी येईल तेव्हा तो चाळिशीत असेल.

या पोकळीत शिबिर येते. शाळेच्या वर्गात मुलांना बाकावर ओळीने बसवतात, एक इंटर्न बॅटरीच्या उजेडात आरसा फिरवून सांगत जातो, दुसरा कार्डावर लिहीत जातो, आणि दोन तासांत तीनशे मुले ‘तपासून’ होतात. सहाव्या वर्षी येणारी पहिली कायमची दाढ कोणताही दुधाचा दात न पाडता, सगळ्यांच्या मागे गुपचूप उगवते. म्हणून आईवडील तिलाही दुधाचीच समजतात, आणि कीड दिसली तरी ‘पडेल आणि नवी येईल’ म्हणून थांबतात. नवी येत नाही. या एका दाढेपायी पुढे किती दुखणी, किती रूट कॅनाल आणि किती कवळ्या निघतात, हे कोणताही दंतवैद्य सांगेल. शिबिरातल्या मुलीच्या कार्डावर त्या दाढेपुढे खूण होते, खाली ‘जवळच्या दंतवैद्यास दाखवावे’ असा शिक्का बसतो, टूथपेस्टची छोटी ट्यूब हातात पडते आणि बॅनरसमोर फोटो निघतो. जवळचा दंतवैद्य तालुक्याला, एसटीने तासाभरावर असतो, आणि त्या दिवशी वडिलांची मजुरी बुडते. पुढच्या वर्षी शिबिर दुसऱ्या शाळेत असते. तिच्या दाढेचे काय झाले, हे कोणाच्याही नोंदीत सापडत नाही. २००२-०३ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात बारा वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांच्या दातांत कीड आढळली होती. म्हणजे कीड आहे हे आपल्याला शिबिराविनाही ठाऊक आहे. शोधलेल्या किडीवर उपचार कोणी करायचा, एवढाच प्रश्न शिल्लक आहे, आणि तो शिबिराच्या कक्षेबाहेरचा आहे.

काहीच नसण्यापेक्षा शिबिर बरे, असे यावर कोणी म्हणेल. तात्पुरत्या सोयीबद्दल ते खरे आहे. पण शिबिराने एक वाईट सवयही लावली आहे: तोंडाचे आरोग्य हे दानाचे काम आहे, हक्काचे नाही, अशी समजूत त्याने लोकप्रतिनिधींपासून पालकांपर्यंत सर्वांच्या मनात रुजवली आहे. नळाला पाणी आले नाही तर नगरसेवकाच्या दारात मोर्चा जातो. नगरपालिकेच्या दवाखान्यातील दातांची खुर्ची दोन वर्षे मोडून पडली तर कोणी जात नाही, कारण ती चालू असणे हे आपले येणे आहे असे कोणालाच वाटत नाही. दात पडायचेच, असे आपण म्हणतो. पडतात ते बहुधा म्हातारपणामुळे नव्हे, कीड आणि हिरड्यांच्या रोगामुळे, आणि दोन्ही टाळता येतात. पण ही समजूत बदलायला जे व्यासपीठ लागते ते दवाखान्यात नाही.

नागरी संस्थेला हे जमत नाही, असेही नाही. १९३३ साली सुरू झालेले नायर रुग्णालय दंत महाविद्यालय मुंबई महापालिका चालवते. शहराच्या करातून दंतवैद्य घडवणारी आणि रोज शेकडो लोकांची तोंडे पाहणारी संस्था चालवणे एका महापालिकेला शक्य होत असेल, तर इतर मोठ्या महापालिकांना निदान प्रत्येक प्रभाग दवाखान्यात एक चालती खुर्ची आणि शाळांसाठी एक नेमलेला दंतवैद्य का परवडू नये? मुंबईची श्रीमंती इतरांकडे नाही, हे मान्य. पण खर्चाचा मुद्दा काढणाऱ्यांनी हेही पाहावे की कायमच्या दाढेच्या खाचा सहा-सात वर्षांच्या वयात बुजवून घेणे हे या शास्त्रातील सर्वांत स्वस्त कामांपैकी एक आहे; त्याला ना इंजेक्शन लागते ना कोरणे. छोट्या नगरपालिकांना पूर्णवेळ दंतवैद्य परवडणार नसेल, तर दोन-तीन नगरपालिका मिळून एक नेमता येईल, किंवा गावातल्या खासगी दंतवैद्यांना ठरावीक दराने शाळेतील मुलांच्या उपचाराचे काम देता येईल. त्यासाठी ठराव लागतो. ठरावासाठी सूचक आणि अनुमोदक लागतात, आणि त्या दोघांना आकडे हाती देणारा कोणीतरी लागतो.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. डॉक्टरांनी राजकारणात पडू नये, त्यांचे काम बिघडते, आणि शिवाय स्वतःच्या व्यवसायाला कामे मिळवून देण्यासाठी ते नागरी पदाचा वापर करतील, अशी भीती लोकांना वाटते. भीती निराधार नाही. पण तिचे उत्तर दंतवैद्याला दवाखान्यात कोंडणे हे नव्हे, तर त्याचे हितसंबंध उघड ठेवणे हे आहे. जो नागरी पदावर आहे त्याने ठेका घ्यायचा नाही, एवढा नियम करता येतो. शिवाय नागरी काम म्हणजे निवडणूकच असे नाही. प्रभाग समितीत बसता येते, शाळा व्यवस्थापन समितीला लेखी अहवाल देता येतो, माहितीच्या अधिकारात ग्रामीण रुग्णालयातील रिक्त पदांची यादी मागवता येते, शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकणाऱ्या टपरीबद्दल तक्रार नोंदवून तिचा पाठपुरावा करता येतो. यातल्या कशालाही कोणत्याही पक्षाचे तिकीट लागत नाही. लागतो तो वेळ, आणि ज्याच्या खुर्चीतला प्रत्येक अर्धा तास पैशात मोजला जातो त्याला वेळ देणे महाग पडते, हे मी नाकारत नाही. म्हणूनच हे काम एकट्यादुकट्याच्या भलेपणावर सोडून चालणार नाही. दंतवैद्यांच्या संघटनेच्या जिल्ह्याजिल्ह्यांतील शाखांनी ते वाटून घेतले पाहिजे, आणि शाखेच्या वार्षिक अहवालात किती शिबिरे घेतली याच्या जोडीला किती पदे भरून घेतली, किती बोअर बंद करवल्या, शाळेत सापडलेल्या किती मुलांचे उपचार पुरे झाले, हेही छापले पाहिजे.

अहमद यांना देवत्व देऊन त्यांचे अनुकरण अशक्य करून ठेवण्यातही अर्थ नाही. अमेरिकेत शिकायला जाणे त्या काळी थोड्यांनाच शक्य होते, आणि मंत्रिपद मिळाले त्यात बिधानचंद्र रॉय यांच्याशी असलेल्या जुन्या ओळखीचा वाटा असणार. मंत्री म्हणून त्यांनी जी खाती पाहिली त्यांचा दातांशी संबंधही नव्हता. पण चार वर्षे नगरसेवक राहायला त्या असामान्य गोष्टींपैकी कशाचीच गरज नव्हती. दुपारी कॉलेज, संध्याकाळी रोगी, आणि मध्ये वेळ काढून महापालिकेच्या बैठका, एवढेच त्यात होते. नगरपालिकांची अंदाजपत्रके फेब्रुवारी-मार्चमध्ये सभागृहापुढे येतात आणि त्यांची जुळवाजुळव त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत होते. दंतवैद्यांच्या शाखांनी त्या काळात आपल्या गावच्या मुख्याधिकाऱ्याची वेळ मागावी आणि आरोग्य विभागाच्या तरतुदीत दंतसेवा हे खर्चाचे स्वतंत्र शीर्ष उघडण्याची लेखी मागणी करावी. पहिल्या वर्षी त्या शीर्षाखाली हजार रुपये पडले तरी चालतील. शीर्ष उघडले की पुढच्या वर्षी त्यापुढचा आकडा का वाढला नाही, हे सभागृहात कोणालाही विचारता येते.